एकोणीस नंबरचा शर्ट

चेरीवूड, डब्लिन
११ फेब्रुवारी २०१८

वैदेही वहिनी,

नमस्कार. तुमचा फोन लागत नाही, आणि टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला कागदावर लिहिलं नसेल, तेव्हा अक्षर चालवून घ्या.

परवा रणजितला जाऊन सहा महिने होतील. आमच्या डॉडर हेरन्स क्लबची वार्षिक सभा मागच्या रविवारी झाली. आमचा अध्यक्ष ब्रेंडन उभा राहिला आणि त्याने ठराव मांडला, की रणजितचा एकोणीस नंबर कायमचा निवृत्त करायचा. बेसबॉलमध्ये तशी रीत आहे. एखादा खेळाडू टीमला फार मोठा वाटला, तर त्याचा नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. शर्ट काचेत लावून क्लबात टांगतात. आमच्यासारख्या पार्कात खेळणाऱ्या टीमने हे करावं का, असं दोघा-तिघांनी विचारलं. पण हा मान कुणाला द्यायचा झालाच तर तो रणजितलाच, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

मी पुण्याचा, क्रिकेटवाला. २०१२ मध्ये रणजितच मला ओढून तिथे घेऊन गेला. "अमरावतीत आमच्या बाबांनी शाळेतल्या पोरांना बेसबॉल शिकवला, तुला नाही का शिकवता येणार मला," म्हणाला. डावखुऱ्या माणसाचा ग्लोव्ह गावात मिळायचा नाही म्हणून लहानपणी उजवाच उलटा घालून खेळायचा, हे त्याने सगळ्या आयरिश पोरांना शंभरदा सांगितलं असेल. तो चेंडू टाकायचा आणि मी फलंदाजाच्या मागे बसून झेलायचो. पाच वर्षं माझ्यासमोर साठ फुटांवर तोच उभा होता.

१५ एप्रिलला मोसमाची पहिली मॅच आहे. त्या दिवशी कार्यक्रम करायचा म्हणतोय. तुम्ही आणि स्वानंदी याल ना? ट्रलीहून गाडीने या, स्टेशनवर मी येतो. कॅप्टन म्हणून तुमची परवानगी मागायचं काम माझ्याकडे आहे.

एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती मला धीर देते. त्या दिवशी त्याला कसलाच त्रास नव्हता. शेवटपर्यंत हसत होता. आपण सगळ्यांनी तेवढं तरी समाधान मानावं.

तुमचा,
शिरीष


ट्रली
६ मार्च २०१८

शिरीषभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मध्ये बर्फामुळे चार दिवस सगळंच बंद होतं.

माझी परवानगी नाही. क्लबाचे आभार माना, पण हे करू नका.

कारण विचाराल म्हणून लिहिते. एकोणीस नंबर त्याने निवडला नव्हता. त्याच्या मापाचा तेवढाच एक शर्ट उरला होता. घरी आला तेव्हा म्हणाला, एकोणीस तर एकोणीस, अंगात शिरला म्हणजे झालं. तुम्ही ज्याला मान देताय तो नुसता आकडा आहे.

दुसरं. गेल्या जूनमध्ये तो इथे आला होता. स्वानंदीची शाळा आणि माझी हॉस्पिटलमधली नोकरी इथे, त्याचं ऑफिस डब्लिनला. आमचं घर रेल्वेच्या वेळापत्रकावर चालायचं, तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा म्हणाला, या मोसमानंतर खेळ बंद, रविवार तुमचे. मी म्हटलं, मोसमानंतर कशाला, आत्ताच कर. तर म्हणाला, टीमला सांगितलं होतं, कुणी ऐकायला तयार नाही. शिऱ्या तर म्हणतो, तू गेलास तर टीम बंद करावी लागेल. हे सांगताना तो हसत होता, पण दमला होता.

त्याला निवृत्त व्हायचं होतं तेव्हा तुम्ही होऊ दिलं नाहीत. आता त्याचा नंबर निवृत्त करताय. मला हे बघवणार नाही.

स्वानंदीला विचारलं. "मम्मा, आय डोन्ट वॉन्ट टू लुक अॅट अ शर्ट," म्हणाली. नऊ वर्षांची आहे.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तो खरंच काही बोलला नाही? खांदा, छाती, दम, काहीही? आठवून सांगा.

वैदेही


चेरीवूड
१९ मार्च २०१८

वैदेही वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. रविवारांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. आम्ही त्याला तुमच्याकडून फार हिरावून घेतलं. माझी बायको तन्वीसुद्धा हेच म्हणते, तुमच्या खेळापायी त्या दोघींना माणूस मिळाला नाही.

पण वहिनी, टीमची अवस्था बघा. जानेवारीत सराव सुरू झाला, तर कुणी चेंडू टाकायच्या त्या उंचवट्यावर जाईना. मातेओ नावाचा व्हेनेझुएलाचा मुलगा आहे, आता तोच पिचर. सभेत त्याने विचारलं, एकोणीस नंबर मला मिळेल का? तो म्हणाला, आमच्या घरी गेलेल्या माणसाचे कपडे कपाटात ठेवत नाहीत, वापरतात. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. ब्रेंडनने मला धरलं. आजवर मी क्लबात आवाज चढवला नव्हता. नंतर मातेओची माफी मागितली, पण तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.

म्हणून म्हणतो, हे एकदा व्हायला हवं. काच लागली, शर्ट वर गेला, की लोक मोकळे होतील. तुम्ही आला नाहीत तरी समजून घेऊ. नुसतं "हरकत नाही" एवढं लिहून पाठवा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: नाही, काही बोलला नाही. ठणठणीत होता. अंत्यसंस्काराच्या वेळी ब्रेंडननेही तुम्हाला तेच सांगितलं, "ही वॉज ग्रँड, राइट अप टू द लास्ट बॉल." तुम्ही तो विषय मनातून काढून टाका.

शिरीष


ट्रली
२ एप्रिल २०१८

शिरीषभाऊ,

हरकत नाही. निवृत्त करा.

मी आधी नाही म्हटलं ते चुकलं. नाही म्हणणारी मी कोण? आता खरं सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या आईलाही नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

१३ ऑगस्टला सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला होता. रविवार असून मी ड्यूटीवर होते. म्हणाला, "वैदू, सकाळपासून छातीत जळजळतंय, आणि डावा खांदा भरून आलाय." मी विचारलं, काल काय खाल्लंस? तर ज्ञानेश म्हणून मित्र आहे, त्याच्याकडे मिसळ. मी म्हटलं, मग अॅसिडिटी आहे, थंड दूध पी. आणि खांद्याचं काय नवीन, डाव्या हाताने चेंडू फेकतोस तर डावाच खांदा दुखणार. तो "बरं" म्हणाला. समोर पेशंट थांबला होता, मी फोन ठेवला. एकोणचाळीस सेकंदांचा कॉल. फोनमध्ये अजून आहे.

भाऊ, मी भूलतज्ज्ञ आहे. रोज सकाळी ऑपरेशनच्या आधी माणसांना हेच विचारते: छातीत दुखतं का, दम लागतो का, हात भरून येतो का. एक्केचाळीस वर्षांचा कुणीही परका माणूस मला हे दोन शब्द बोलला असता तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. नवऱ्याला दूध प्यायला सांगितलं. शवविच्छेदनाचा अहवाल आला, हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद. तो मी कपाटात कपड्यांखाली ठेवलाय.

तुम्हाला विचारलं ते एवढ्यासाठी. मला वाटत होतं, मैदानावर तरी तो कुणाला काही बोलला असेल. कुणीतरी दुसऱ्यानेही ऐकून सोडून दिलं असेल. असं वाटणं किती वाईट आहे ते मला कळतं. पण तुम्ही दोनदा लिहिलंत, नाही. म्हणजे त्याने सांगितलं ते फक्त मला. सगळ्या जगात एकटीला.

कालपासून मी रजेवर आहे. भूल द्यायला हात उचलत नाही. समोरचा माणूस बोलतो ते मला ऐकू येतं, पण मी बरोबर ऐकलं यावर विश्वास बसत नाही. स्वानंदीची शाळा संपली की जूनअखेर नागपूरला जाऊ. डॉक्टरकी पुन्हा करणार नाही.

तुम्ही लोकांनी त्याला जीव लावलात. शर्ट टांगा. एक फोटो पाठवा.

वैदेही


चेरीवूड
८ एप्रिल २०१८

वैदेही वहिनी,

काच आली आहे. सोमवारी लावायची होती. मी ब्रेंडनला सांगितलं, थांब.

तुमचं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. वर मीटिंग होती, गेलो नाही. तेव्हापासून हे लिहायला चार वेळा बसलो. पाचव्यांदा तरी सरळ लिहितो.

मी खोटं बोललो. तो बोलला होता. मला.

उपांत्य फेरीची मॅच होती, आम्ही एका धावेने पुढे. सातपैकी पाचवी इनिंग संपली आणि तो बाकाकडे आला. रोज बसायचा तिथे न बसता कुंपणाला धरून उभा राहिला. मी गुडघ्याची पॅडं सैल करत होतो. तो म्हणाला, "शिऱ्या, हात जड पडला बे. बरं नाही वाटून राहिलं. आज बसव मले." तुम्हाला ठाऊक आहे, तो वऱ्हाडीत बोलायचा तेव्हा एक तर मस्करी करत असायचा नाही तर फार दमलेला असायचा. मी मस्करी धरली. नाही, हेही खोटं. मी त्याचा चेहरा बघितला होता. घामाने पार भिजलेला, आणि ओठ पांढरे.

मातेओ सुट्टीला घरी गेला होता. दुसरा कोण टाकणार? मी म्हटलं, "दोनच इनिंग रे. तुझ्याशिवाय आहे कोण?" तो म्हणाला, "लेका, खरंच." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "फायनलला काय बसायचं ते बस."

तो गेला. सात चेंडू टाकले. आठव्याला मी ग्लोव्ह पुढे धरून बसलो होतो, चेंडू आलाच नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही पोचलात आणि पहिलं मला विचारलंत, त्याला त्रास होत होता का? माझ्या तोंडून "नाही" निघालं. नंतर ते बदलता आलं नाही. ब्रेंडनला मीच तसं सांगितलं, तो बिचारा तेच पुढे सांगत राहिला. मला वाटायचं, तुम्हाला जपावं म्हणून मी असं बोललो. ती काच, तो शर्ट, तो कार्यक्रम, सगळं माझ्याच डोक्यातून निघालं होतं. ब्रेंडनला मीच सुचवलं होतं. तेही तुमच्यापासून लपवलं.

माझ्या त्या एका "नाही"मुळे तुमच्या मानेवर काय बसलं ते परवा कळलं. तुम्ही एकट्या नव्हता, वहिनी. तुमच्याकडे एकोणचाळीस सेकंद होते, तेही फोनवर. मी त्याच्यासमोर उभा होतो.

माफी मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही.

शिरीष


ट्रली
१० जुलै २०१८

शिरीषभाऊ,

तीन महिने मी उत्तर दिलं नाही. तुम्ही मध्ये दोनदा दारापर्यंत येऊन गेलात हे शेजारच्या बाईंनी सांगितलं. तुम्ही दार वाजवलं नाहीत ते बरं केलंत.

एप्रिलमध्ये तुमचं पत्र वाचलं तेव्हा आधी मला सुटल्यासारखं झालं. ते मी लपवणार नाही. मग त्या सुटकेचीच किळस आली. आणि मग तुमचा असा संताप आला, की तुमचं नाव घरात घेणं बंद केलं. माझ्यासाठी खोटं बोललो म्हणता. माझ्यासाठी असतं तर मी मार्चमध्ये विचारलं तेव्हाच बोलला असतात. मी सरळ विचारलं होतं. आठ महिने मी रोज सकाळी एकटीने त्याला मारत होते. तुम्हाला ते थांबवता आलं असतं, आणि तुम्ही काचेचं माप घेत बसला होता.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तेव्हाच बसवलं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणून सांगते. नुसतं बाकावर बसवलं असतं तर कदाचित बाकावरच गेला असता. तिथूनच अॅम्ब्युलन्स बोलावली असती तर कदाचित वाचला असता. सकाळी मी त्याला इमर्जन्सीत पाठवलं असतं तर बहुतेक वाचला असता. हे तिन्ही खरं आहे. यातलं मला काही कमी करता येत नाही, तुम्हालाही येणार नाही.

नागपूरचं तिकीट काढलं होतं. स्वानंदी म्हणाली, "डॅड इज हिअर." डब्लिनच्या दाहगृहात त्याचं काही उरलेलं नाही, अस्थी आपण नाशिकला नेल्या, हे तिला माहीत आहे. तरी तसं म्हणाली. जाणं तूर्त पुढे ढकललं.

आता नंबराचं. इतका उन्हाळा इथे कुणी बघितलेला नाही, गवत वाळून पिवळं पडलंय, तुमची मॅच चालू असेल. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहा आणि त्याने जे म्हटलं ते त्याच्या शब्दांत सांगा. त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत तेही सांगा. माझं दुधाचंही सांगा, मी आता ते झाकणार नाही. मग मतं घ्या. हे सगळं ऐकूनही लोकांना शर्ट टांगावासा वाटला, तर टांगा. मी अडवणार नाही.

वैदेही


चेरीवूड
२३ सप्टेंबर २०१८

वैदेही वहिनी,

काल सांगितलं. मोसम संपेपर्यंत मी टाळलं. हेही कबूल करतो.

सतरा जण होते. "बसव मले" याचं इंग्रजी काय करायचं ते मला सुचेना. आधी मराठीत म्हटलं, मग "सिट मी डाउन" म्हटलं. तुमच्या फोनचंही सांगितलं. दुधाचं सांगितलं तेव्हा मातेओने मान खाली घातली.

पहिला बोलला तो डेक्लन, दुसऱ्या बेसवर खेळतो. म्हणाला, "मी बाकावर शेजारीच होतो. तो आजारी दिसत होता. मला वाटलं, कॅप्टनने बघितलंय." आणखी पाच-सहा जणांनी त्याला हात चोळताना पाहिलं होतं. म्हणजे वहिनी, निम्म्या टीमने पाहिलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघेल.

ब्रेंडन एकसष्ट वर्षांचा आहे, सहसा डोळ्यांत पाणी येऊ देत नाही. तो म्हणाला, "युअर मॅन आस्क्ड अस फॉर अ सीट. वुई डिडन्ट गिव्ह इट." आणि त्याने स्वतःच ठराव मागे घेतला. तरी गेरार्ड अडून बसला, की चूक शिरीषची, त्याची शिक्षा रणजितच्या नावाला का? मतं घेतली. टांगू नये, अकरा. टांगावा, पाच. मी मत दिलं नाही. गेरार्ड क्लब सोडून गेला, जाताना माझ्याशी हात मिळवला नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

एकोणीस नंबर कुणालाही घ्यायला मोकळा आहे. मातेओला विचारलं, तर नको म्हणाला.

मी कॅप्टनपद सोडलं. खेळायलाही जात नाही. तन्वी म्हणते, पुन्हा सुरू कर. पण मागे बसून ग्लोव्ह पुढे धरला की समोर कोण उभं आहे ते दिसेनासं होतं.

काचेची चौकट रिकामीच परत पाठवली. शर्ट माझ्याकडे आहे. धुतलेला नाही. तुम्हाला हवा असेल तर पाठवतो.

शिरीष


ट्रली
२ डिसेंबर २०१८

शिरीषभाऊ,

शर्ट पोचला. मी नुसतं "पाठवा" कळवलं आणि तुम्ही लगेच पाठवलात, पोचल्याची चिठ्ठी मात्र मी पाठवली नाही. स्वानंदीने तो तिच्या खोलीत नेला. काय केलं ते मी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरपासून कामावर जाते. आठवड्याला तीन दिवस. मागच्या मंगळवारी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक शेतकरी आला होता, पन्नाशीचा, डिंगलच्या बाजूचा. सगळे कागद ठीक. टेबलावर घेतलं आणि तो सहज म्हणाला, "आय'म ग्रँड, डॉक्टर, जस्ट अ बिट ऑफ अ वेट हिअर." इथे जरा जड वाटतंय म्हणून छातीवर हात ठेवला. मी ऑपरेशन थांबवलं. सर्जन वैतागले, पुढचे तीन पेशंट खोळंबले. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सगळं केलं. काही निघालं नाही. नुसता घाबरला होता. दुपारी त्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जन मला म्हणाले, दर वेळी असं करून चालणार नाही. मी म्हटलं, मी दर वेळी असंच करणार. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पंधरा मिनिटं बसले. कुणी दार वाजवलं नाही.

"माफ केलं" असं लिहायला मी बसले होते. ते खरं होणार नाही म्हणून लिहीत नाही. मी स्वतःलाही केलेलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ते मात्र मी मानते. त्यानंतर कधी कधी माझी झोप सलग लागते.

स्वानंदी आता विचारायला लागली आहे. डॅड कसा खेळायचा, कुणाशी भांडायचा का, चिडायचा का. मला काय माहीत? मी त्याचा खेळ दोनदाच बघितला, दोन्ही वेळेला पाऊस पडून मॅच बंद झाली. ज्या रविवारांवर मी रागावले होते त्यातलं माझ्याकडे काहीच नाही. ते सगळं तुमच्याकडे आहे.

तेव्हा लिहीत जा. चांगलं तेवढंच नको. तो हरला तेव्हा कसा वागला, कुणाला काय बोलला, कशावर हसला. मी मराठीत वाचून दाखवते, तिला सगळं समजतं, उत्तर तेवढं इंग्रजीत देते. खोटं एकही अक्षर नको.

आणि ती पाचवी इनिंग मला एकदा नीट सांगा. तुम्ही एप्रिलमध्ये लिहिलंत ते घाईत लिहिलं होतं. ऊन होतं का, कुंपण कुठल्या हाताने धरलं होतं, तुम्ही थाप मारलीत तेव्हा तो तुमच्याकडे बघत होता की मैदानाकडे. फोन करू नका. लिहून पाठवा, मी वाचीन.

वैदेही